शेळी सुटली

माझ्या गाडीच्या कर्जाची फाईल नामंजूर झाली, कारण मी माझ्या पत्त्यावर राहत नाही. हे सांगणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसला होता आणि मी अलीकडे.

मी म्हणाले, "राहते. आज सकाळी तिथूनच निघालेय."

तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तसं नाही."

फायनान्सवाल्यांचं ते ऑफिस नगरात, स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ. मी तिथं भांडायला गेले होते. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते, ती चौकात उभी राहून वाटते, आणि त्यात शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे कारण मागायचं. 'नामंजूर' हे कारण नव्हे, तो निकाल. आधार दिलं होतं, लायसन्स दिलं होतं, पगाराच्या स्लिपा दिल्या होत्या. एका बाईनं ती जिवंत आहे आणि कुठंतरी झोपते एवढं सिद्ध करायला आणखी काय द्यायचं?

माणूस वाईट नव्हता. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आमचा चौकशीचा मुलगा जाऊन आलाय. बघा."

फोटोत आमची गल्ली होती. भर दुपारचं ऊन, टोकाला विहारावरचा निळा झेंडा. दोन्ही बाजूंची सगळी दारं बंद. प्रत्येक दाराबाहेर चपला होत्या. नळाखाली हंडा भरून वाहत होता आणि तो बंद करायला कोणी नव्हतं. दोरीवर माझाच पिवळा कुडता वाळत होता. मी त्या गल्लीत जन्मले, तिला अशी कधी पाहिली नव्हती. माणसं उठून गेली होती आणि चपला मागे राहिल्या होत्या, असं काहीतरी. मी फोटो मोठा करायला सांगितला. आमच्या खिडकीचा पडदा एका कोपऱ्यात किंचित उचललेला दिसत होता. त्यामागे काळं. डोळा असावा, किंवा नसावा.

"तीन घरं विचारली," तो म्हणाला. "तिन्हीकडे आतूनच उत्तर. अशी कोणी इथं राहत नाही."

गाडी मला फिरायला नको होती. आमच्या वस्तीतल्या बायका एमआयडीसीत पॅकिंगला जातात. दुसऱ्या पाळीहून परत येतात त्या मालाच्या टेम्पोतून, ताडपत्रीखाली उभ्यानं, दोरीला धरून. एक जण वळणावर पडली, समोरचे दात गेले. दोघींनी त्या भीतीनं काम सोडलं. मी त्याच एमआयडीसीत एका स्टोअरमध्ये नोंदी ठेवायला आहे. माझ्याकडे लायसन्स आहे, स्लिपा आहेत. लेबर कंत्राटदार म्हणाला होता, महिनाअखेरपर्यंत बंदिस्त गाडी आणा, बायकांची ने-आण तुम्हाला देतो, भाडं कंपनी देईल. सात सीटची एक जुनी व्हॅन मी बघून ठेवली होती. सुरुवातीचे पैसे होते. अडलं होतं ते फक्त कर्जावर.

आणि हे मी घरी, गल्लीत, कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं. कर्ज घेऊ नका म्हणून गल्लोगल्ली ओरडणारी मीच होते.

बचत गटाच्या कर्जांचे वसुलीवाले आमच्या गल्लीत वर्षभर यायचे. दारात बसायचे, उठायचेच नाहीत. एकीचा हप्ता चुकला की दुसरीला जाब. पोरांसमोर काय वाटेल ते बोलायचे. मी तेव्हा एक पत्रक काढलं. चांगलं पत्रक होतं, आजही म्हणते. अनोळखी माणूस चौकशीला आला तर दार लावा. कोणाचंही नाव, पत्ता, काम सांगू नका. ओळखपत्र मागा. फोटो काढू देऊ नका. आणि शेवटची ओळ मी जाड ठशात टाकली होती: ओळखीचा आवाज आला तरी दार उघडू नका, ते आपल्याच बाईला पुढं घालून आणतात. आणायचेच ते. मी पाहिलं होतं.

वसुलीवाले बंद झाले. पत्रक मी विसरले. गल्ली विसरली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी आले तर सगळं नेहमीसारखं. नळावर भांडण, कोणाच्या तरी घरात मालिका, कढईत मिरची. मी आईला विचारलं, "दुपारचं कोणी आलं होतं का गं इतक्यात? बॅगवाला?"

"न्हाई."

"नीट आठव."

"कोन येनार हाय आपल्याकडं?" आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. त्या आवाजात काही लपवल्याचं नव्हतं. मी पडद्याचा फोटो डोळ्यांनी पाहून आले होते, तरी क्षणभर मला वाटलं, खरंच कोणी आलं नसेल.

शेजारच्या काकूंना विचारलं. याच त्या दात गेलेल्या, त्या दिवशी सुट्टीवर. त्या हसल्या, तोंडावर हात धरून. "कोन बी न्हाई गं बाय. कामावर जाईस्तवर मी दारातच असते."

दुसऱ्या दिवशी मी त्या चौकशीवाल्याला गाठलं. माझ्याच वयाचा, पाठीवर सॅक, ऑफिसखालच्या टपरीवर चहा पीत उभा. कंपनीचा नव्हेच तो, एजन्सीचा. फेरीमागे पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं. त्याच्यावर ओरडायचं असं ठरवून गेले होते. त्यानं माझा पत्ता ऐकला आणि ग्लास खाली ठेवला.

"ताई, राग मानू नका. तुमची गल्ली बरी नाही."

"म्हणजे काय? कुणी मारलं का?"

"मारलं असतं तर बरं. मी पाथर्डीला गेलोय, नेवाशाला गेलोय. कुत्री सोडतात लोक, शिव्या देतात. त्याचं काही नाही. तुमच्याकडं मी कोपऱ्यावर गाडी लावली तेव्हा बायकांचा आवाज येत होता, हसण्याचा. तेवढ्यात एक बाई ओरडली, 'शेळी सुटली गं!' मी पण वळून बघितलं, शेळी कुठंय. शेळी नव्हती. परत पुढं बघितलं तर माणूस नव्हतं. एका घरात कुकरची शिट्टी चालू होती. मी दार वाजवलं, तर शिट्टी अर्ध्यात थांबली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "शिट्टी अशी थांबते का कधी?"

मी हसले नाही. आमच्या गल्लीत कोणाकडेही शेळी नाही. ती खुणेची हाळी बायकांनीच काढली होती, वसुलीवाल्यांच्या वेळी. मला ती ठाऊक होती, पण ती नेहमी मी आतल्या बाजूनं ऐकलेली.

फेरतपासणी मागता येते, असं ऑफिसातल्यानं सांगितलं. अट एवढीच की घरी आधी कळवायचं नाही आणि दोन शेजाऱ्यांनी ओळख पटवायची. मी म्हणाले, मी स्वतः सोबत जाते. तो चौकशीवाला म्हणाला, चला, मला एकट्याला तिकडं परत जायचंच नाही.

तर अशी मी माझ्याच गल्लीत परक्याच्या गाडीवर मागे बसून गेले. ऊन रणरणत होतं. नगरच्या सगळ्या पोरी बांधतात तसा मी स्कार्फ बांधला होता, फक्त डोळे उघडे. डोळ्यांवर गॉगल. त्या दिवशी रजा टाकलेली, म्हणून अंगावर कामावरचे कपडे नव्हते. आदल्या रात्री मैत्रिणीकडे राहिले होते, तिचाच ड्रेस घातला होता.

कोपऱ्यावर त्यानं गाडी बंद केली. बायका ओट्यांवर बसून शेंगा फोडत होत्या. काकूंनी वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. लहानपणी मला कडेवर घेतलेली बाई, आणि तिच्या नजरेत मी नव्हते. तिथं नुसतं बाहेरचं कोणीतरी होतं.

"शेळी सुटली गं!"

धावपळ अशी झाली नाही. कोणी पळालं नाही. शेंगांची सुपं उचलली गेली, पदर सावरले गेले आणि दारं एकामागून एक लागत गेली, विहारापासून कोपऱ्यापर्यंत, आमच्याकडे सरकत. टीव्ही बंद झाला. एक पोर रडत होतं, तेही थांबलं. ते कसं थांबवलं ते मला अजून कळलेलं नाही. उरला नळ, आणि शेंगांची टरफलं वाऱ्यावर फरशीवरून घसरल्याचा आवाज. मी खाली बघत चालत होते. चपला ओळखीच्या होत्या. प्रत्येकीची. पायांशिवाय त्या माझ्याकडे तोंड करून रांगेनं उभ्या होत्या.

आमच्या दाराशी तो थांबला. मला म्हणाला, "तुम्ही वाजवा."

मी माझ्याच घराचं दार वाजवलं. आत काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

त्यानं माझं नाव घेऊन विचारलं, "ह्या इथं राहतात का?"

"अशी कोनी ऱ्हात न्हाई इथं." आई. अगदी दाराला लागून.

"कधीपर्यंत राहत होत्या?"

"कधीच न्हाई."

खोटं बोलताना आईचा आवाज चढतो, मला माहीत आहे. रेशनवाल्याशी बोलताना चढतो, मामाशी बोलताना चढतो. तो चढला नव्हता. मला वाटलं, आत जाऊन बघितलं तर माझी खाट तिथं नसेल.

"आई," मी म्हणाले. "मी आहे गं. उघड."

मग खालची कडी लागल्याचा आवाज आला. वरची आधीच लावलेली होती.

ओळखीचा आवाज आला तरी. माझी ओळ, जाड ठशातली.

मी गॉगल काढला. स्कार्फची गाठ मागून सुटेना, ती चौकशीवाल्या पोरानं सोडवली. खिडकीसमोर नागड्या तोंडानं उभी राहिले. पडदा हलला. बराच वेळ नुसता हलत राहिला. मग एक कडी, मग दुसरी. आईनं मला पाहिलं, माझ्यामागच्या माणसाला पाहिलं, आणि दारात आडवा हात धरला.

"ह्यानं तुला धरून आनलंय का?"

"नाही गं! मी आणलंय त्याला. कर्जासाठी. गाडी घ्यायचीय, बायकांना न्यायला-आणायला."

"कर्ज?" आई म्हणाली. "तू?"

हळूहळू दारं उघडली. बायका बाहेर आल्या, पण ओट्याखाली उतरल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, सभेत सांगते तसं. व्हॅन, कंत्राटदार, महिनाअखेर. त्या ऐकत होत्या. पोरानं काकूंना विचारलं, "काकू, ह्या इथंच राहतात ना? तेवढं सांगा, मी लिहितो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा ना काकू!" मी म्हणाले.

"आदी तुमचं कार्ड दाकवा," काकू त्याला म्हणाल्या.

"कार्ड एजन्सी देत नाही, काकू. पेट्रोलसुद्धा देत नाही."

"मग आमी बी देत न्हाई."

कोणीतरी फिसकन हसलं. तोही हसला, घाम पुसत. "बरं, नुसता एक फोटो घेतो, सगळ्यांचा मिळून. तेवढ्यावर बघतो काय होतंय ते." त्यानं मोबाईल वर केला आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांनी, काही न बोलता, एकाच वेळी पदर तोंडावर ओढले. आईनंसुद्धा.

तो फोटो त्यानं मला नंतर पाठवला. रांगेनं उभी, चेहरे नसलेली माणसं, आणि मधोमध मी, एकटी, उघड्या तोंडाची. कोणीही पाहिलं तर म्हणेल, ह्या गल्लीतली नसलेली बाई तेवढी एकच आहे.

फाईल पुन्हा नामंजूर झाली. शेजाऱ्यांकडून पुष्टी नाही. आता मला कारण कळलं होतं, आणि लेखी मागायची गरज नव्हती. राग आला, अजून येतो. जी कंपनी दारोदार माणूस पाठवते आणि त्याच्या गळ्यात एक कार्ड अडकवत नाही, तिचा येतो. माझ्या सरकारी कागदांपेक्षा भेदरलेल्या काकूंचं 'व्हय' जिला खरं वाटतं, तिचा येतो.

विहाराच्या पायरीवर मी बायकांना म्हणाले, पत्रक बदलू. खरा माणूस आला तर बोला, असं टाकू.

"खरा कसा वळकायचा?" काकूंनी विचारलं.

कार्ड बघून, असं म्हणणार होते, पण कार्ड त्या पोराकडेही नव्हतं.

"गाडीत मी पुढं बसले असते," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी. तू आदी बोलली असतीस तर मनातल्या मनात जागा बी धरून ठिवली असती. पन ते पत्रक ऱ्हाऊ दे. त्याला हात लावू नको. गाडीबिगर जातोय आमी रोज. दार उगडं टाकून झोप न्हाई लागत."

महिनाअखेर झाली. ने-आण कंत्राटदारानं दुसऱ्याला दिली, त्याच टेम्पोवाल्याला. त्यानं ताडपत्री तेवढी नवी घातली.

स्कार्फ मी आता कोपऱ्यावरच सोडते. तरी आई दार लगेच उघडत नाही. मी हाक मारते, आतून ती काहीतरी विचारते, तिला आणि मला ठाऊक असलेलं. डब्यात काय नेलं होतंस. मावशीच्या म्हशीला काय झालंय. मी सांगते, कड्या निघतात.

परवा टेम्पोतून बायका उतरत होत्या, काकूंच्या हाताला दोरीनं सोलून रक्त आलेलं, मी त्यांना घरापर्यंत सोडून आले आणि दार वाजवलं.

"सकाळी भाजी काय हुती?" आईनं विचारलं.

मला आठवेना. खरंच आठवेना. गवार की घेवडा. मी दाराला हात टेकून उभी राहिले. आत कुकर शिट्टीला आला होता. शिट्टी सुरू झाली आणि अर्ध्यात थांबली.