अर्ध्या गोष्टीची बालवाडी

"रडू द्या तिला. पर तिच्या बोलीत रडू द्या."

मी चार वर्षांची असताना माझ्याबद्दल बोललेलं हे वाक्य. बोलणारी झमकूबाई, नांदूरघाटजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. माझे वडील नांदूरघाटला शिक्षक होते आणि त्यांनी मला तांड्यावरच्या बालवाडीत नेऊन बसवलं होतं. मी भोकाड पसरलं. तांड्यावरच्या मुली मला गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, गप्प करायला धावल्या, तेव्हा झमकूबाईने त्यांना असं हटकलं. पुढे दोन वर्षं मी तिला इतर मुलांसारखी 'याडी' म्हणत होते. याडी म्हणजे आई.

गेल्या महिन्यात वडिलांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बालवाडीतल्या दुसऱ्या बाई, कोंडाबाई, वारल्या. दुसरं कुणी मिळालं नाही तर दिवाळीनंतर खोलीला कुलूप. मी त्याच रात्री बॅग भरली.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधारकार्ड जवळ ठेवा. जामखेडनंतर रस्ता मोकळा होतो आणि बालाघाटाचे डोंगर दिसू लागतात. मुक्काम बीडला केला. स्टँडसमोरची लॉज स्वच्छ होती, गरम पाणी मात्र सकाळीच मिळतं.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याहून नेकनूर आणि तिथून नांदूरघाटची वडाप जीप. सीताफळांचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. टोपलीभर घेतली तर भावात बरीच सूट मिळते, पण ती लगेच पिकतात. माझी अर्धी जीपमध्येच वाटून संपली.

"सरक बे, बाईला टेकू दे," ड्रायव्हर एकाला म्हणाला. मग आरशातून मला, "कावून चाललाव तांड्यावर? सर्वे हाय का?"

"बालवाडी बघायला."

"गोष्ट अर्धी सांगत्यात तीच का? मी तिथलाच. अजून मला निम्म्या गोष्टी ठाव न्हाईत!" जीपभर हशा पिकला.

ही काय भानगड, ते सांगते. तांडा आणि धनगरांची वस्ती यांच्यामध्ये एक ओढा आहे. एका वर्षी मेंढरं तांड्याच्या ज्वारीत शिरली आणि दोन्हीकडचं बोलणं बंद झालं. त्याच हंगामात आईबाप ऊसतोडीला गेले. झमकूबाईचा हात मोडला होता आणि वस्तीवरच्या कोंडाबाईचे दिवस भरत आले होते, म्हणून या दोघी मागे राहिल्या. सावलीला लिंब एकच. त्याखाली दोन्हीकडची मागे राहिलेली पोरं. गोष्ट कुठल्या बोलीत सांगायची यावरून रोज भांडण. शेवटी तोड निघाली: सतरंजीच्या एका टोकाला बसून झमकूबाई गोरमाटीत अर्धी गोष्ट सांगणार, पुढची अर्धी दुसऱ्या टोकाला बसलेली कोंडाबाई मराठीत. कुणीही दुसऱ्याची अर्धी आपल्या बोलीत सांगायची नाही.

दोघी हट्टी होत्या, एवढंच. पण वस्तीवरच्या पोरांना गोष्टीची सुरुवात हवी होती आणि तांड्यावरच्यांना शेवट. ओढ्यापर्यंत जाताना ती एकमेकांना विचारायची. दोन हंगामांत सगळी दोन्ही बोली बोलू लागली. मग दोन्हीकडच्यांनी मिळून दगडमातीची खोली बांधली.

झमकूबाईने मला ओळखलं नाही. वडिलांचं नाव सांगितल्यावर म्हणाली, "मास्तराची रडकी? आव, बेस." बस म्हणाली, एवढं कळलं. पुढचं काहीच कळेना; लहानपणची गोरमाटी मी पार विसरले होते. ती हसली आणि मराठीवर आली.

बाजरीची बाटी, म्हणजे भाकरी, आणि शेंगदाण्याचा ठेचा तिने पुढ्यात ठेवला. मी विचारलं, "तुम्हाला मराठी येते. पुढची अर्धी तुम्हीच का सांगत नाही?"

"ती कोंडाची हाय."

"पण मग वस्तीवरच्या मुलांचं येणं बंद होईल."

"हुईल की. सात हायत, चार उरतील, मंग कुलूप. त्यांच्या घरचे म्हनत्यात, गावातल्या विंग्रजी शाळेची गाडी दारात येती."

तिचं हे वागणं मला आडमुठेपणाचं वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

दुपारी मुलं जमली. झमकूबाईने गोष्ट सुरू केली: मेंढी, डोंगर, झाकलेलं टोपलं. हातवाऱ्यांवरून आणि चार ओळखीच्या शब्दांवरून मला बरंचसं उमगलं. टोपल्याशी येऊन ती थांबली. सगळ्यांनी रिकाम्या टोकाकडे पाहिलं. वस्तीवरची एक झिपरी पोरगी मला म्हणाली, "तुमी सांगा की ओ म्होरलं!"

मी कोंडाबाईंच्या जागेवर बसले. माझं पोट भाषांतरावर चालतं. सवयीने मी सुरुवात केली, "तर आतापर्यंत काय झालं, एक मेंढी होती..." पहिली अर्धी छान समजावून दिली, मग टोपल्यातून एक चिडका ससा काढला. मुलं खिदळली. मला फार बरं वाटलं.

मग मुलं उठली. तांड्यावरची तांड्याकडे गेली, वस्तीवरची ओढ्याकडे. मध्ये कुणी थांबलं नाही. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

"ससा लई गोड होता," झमकूबाई म्हणाली. "पर आता त्यांनी एकमेकाला काय इचारायचं?"

निघताना मी म्हटलं, दिवाळीनंतर मी येऊन बसते, हंगामभर. माझं काम कुठूनही होतं.

"न्हाई. पयली अर्धी तुला कळत न्हाई, दुसरी कशी जोडशील? अन् तू जाशील. पोरास्नी एक माय गेलेली पुरे."

पुण्यात परतून आठवडा झाला. बॅगेच्या तळाशी राहिलेलं एक सीताफळ फुटून सगळ्या कपड्यांना वास लागला होता, तो धुऊनही थोडा आहे. नांदूरघाटला एक खोली भाड्याने पाहून ठेवली आहे. झमकूबाईची नात रोज संध्याकाळी फोनवर मला गोरमाटी शिकवते आणि माझ्या उच्चारांना पोट धरून हसते. मागे आजीचा आवाज येतो, पण ती फोनवर येत नाही.

आज नातीच्या फोनवर झमकूबाईसाठी माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधी मेंढीची पहिली अर्धी गोरमाटीत सांगितली, अडखळत, टोपल्यापर्यंत. मग मराठीवर आले. ती नाही म्हणेल, हे मला माहीत आहे. पुन्हा विचारेन, तेव्हाही बहुतेक नाहीच म्हणेल. तरी मागितलं ते असं:

याडी, दिवाळीनंतर मला कोंडाबाईंच्या टोकाला बसू दे. तुझी अर्धी मी कुणालाही सांगणार नाही.