वद्य पक्षाची ओळ

बाळदादा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी काशीतल्या राजा घाटाजवळच्या टपरीवर, अर्ध्या हिंदुस्थानच्या बँका माझ्या प्रोग्रामवर कशा चालतात हे चहावाल्याला बहुधा चाळिसाव्यांदा सांगत होतो. माझ्या प्रोग्रामवर एक पतपेढी चालते, तीही सोमवारी बंद पडते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे गेले... तुम्ही या." बँकांचं पुढे काय झालं म्हणून चहावाला थांबून होता. मी चहाचे पैसे ठेवले आणि निघालो.

बाळदादा माझा आत्येभाऊ, विद्यापीठातल्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेला. माणूस इतका सावकाश, की त्याने एक अक्षर टाइप करून दुसऱ्याकडे बोट न्यावं तोवर गंगेला पूर येऊन ओसरत असे. याच वेगाने त्याने वीस वर्षं खपून एक प्रोग्राम लिहिला होता. इथल्या मराठी घरांतल्या आणि शेजारच्या हिंदी घरांतल्या गेलेल्या माणसांच्या तिथ्या त्यात होत्या. यंदाचं श्राद्ध कुठल्या तारखेला, हे तो सांगायचा. लोक दारात उभं राहून विचारत, "बाळ, आमच्या नानांचं यंदा कधी रे?" दादा चिठ्ठी छापून द्यायचा. नवरात्रात त्याला जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा त्याने मला बोलावलं. आठ दिवस आधी फोनवर मेसेज जावा, एवढी सोय त्यात घालायची होती. शंभर पानी कोरी वही माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "आधी महिनाभर नुसतं वाच. ज्या ओळीचं कारण कळणार नाही, तिचा प्रश्न यात लिही आणि मला येऊन विचार. प्रत्येक वेड्यावाकड्या ओळीमागे कुणाचं तरी घर आहे."

मी म्हटलं, गुरू, महिना कशाला, तीन दिवस दे. तीन दिवसांत वही कोरीच परत केली आणि मला एकही प्रश्न पडला नाही हे वर ऐटीत सांगितलं. खरं तर एक पडला होता. एका ओळीत, घर मराठी असेल आणि पक्ष वद्य असेल तर महिना एकाने पुढे ढकलला होता. वर खुलासा काही नाही. नवशिक्याची ठिगळबाजी समजून मी हसलो आणि ती ओळ उडवली.

मी! ज्याच्या घरात आईचं मराठी पंचांग आणि दाराबाहेर गल्लीतलं हिंदी पंचांग, अशा दोन भिंतींमध्ये जन्म गेला. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला. अंधाऱ्या पंधरवड्यात आपला कार्तिक चालू असतो तेव्हा बाहेर मार्गशीर्ष लागलेला असतो. आम्ही उंबरा ओलांडताना हा बदल न बोलता करतो, म्हणून तो कुठे लिहावा लागतो हेच मला सुचलं नाही. प्रोग्राम हिंदी पंचांगावर चालायचा. ती ओळ म्हणजे उंबरा होता.

मराठी घरांतला पहिलाच मेसेज कमलमावशींना गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा सुरेश, दादाचा शाळासोबती, कार्तिक वद्य अष्टमीला गेलेला. मेसेज महिनाभर आधीच पोचला. खऱ्या अष्टमीच्या संध्याकाळी दादाने दरवर्षीसारखा फोन केला, गुरुजी येऊन गेले का म्हणून. मावशी म्हणाल्या, "अरे, ते तर मागच्या महिन्यात झालं. तुझा मेसेज आला, तेव्हा म्हटलं आपलंच डोकं फिरलं असेल."

दादा तीन मजले चढून त्यांच्याकडे गेला. मी मागे होतो. दर मजल्यावर तो कठड्याला धरून उभा राहायचा, मी उगाच छत बघायचो. वर पोचल्यावर त्याला नीट बोलता येईना. "मावशी... चूक माझी," तो म्हणाला. "वय झालं माझं." मावशींनी त्याला पाणी दिलं, स्वतः कोपऱ्यात पाठ करून बसल्या आणि पोराचं नाव घेत राहिल्या. अर्ध्या काशीला बोलून बेजार करणारा मी तिथे एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर दादा जिना उतरला तो पुन्हा कुठलाच चढला नाही. आपण बोलायचं राहिलंय, हे मला रोज माहीत होतं. उद्या सांगू, उद्या सांगू... मावशींच्या लेखी तो चुकीचा धनी होऊन गेला. मावशी, तुम्हाला हे कुणी वाचून दाखवील. ती चूक माझी होती.

तेराव्यानंतर वहिनींनी मला त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. ती ओळ त्याने परत घातली होती. वर आता खुलासा होता: 'कमलमावशींचा सुरेश. काढू नये.' माझं नाव कुठेच नव्हतं. टेबलावर ती कोरी वही होती. या वेळी मी नुसतं वाचलं, एकाही अक्षराला हात लावला नाही. वहीत त्रेसष्ट प्रश्न झालेत. कोणत्या ओळीमागे कुणाचं घर, ते विचारायला आता माणूस नाही.

परवा मात्र एक नाव घालावं लागलं. माघ वद्य षष्ठी, बाळदादा. प्रोग्राम त्या ओळीतून गेला आणि त्याने पुढच्या वर्षीची तारीख दिली. ती मी आधी घरच्या पंचांगात पाहिली, मग खाली उतरून गल्लीतल्या.

बरोबर होती.