दोन दिवस उरले असताना गेलेली फाइल

ते प्रकरण आजही विसरले नाही, कारण त्यात सगळ्यात मोठी मूर्ख मीच ठरले होते. पुण्यात आयटीची लाट नुकतीच आली होती आणि मी नवीकोरी फौजदार. टोपी जरा तिरकी ठेवली की गुन्हेगार घाबरतात, अशी माझी समजूत होती.

खडकीच्या क्वार्टर्समधले एक गृहस्थ ठाण्यात आले. मुलीची मार्कलिस्ट आणि दाखल्यांची फाइल कपाटातून गेली होती. इंजिनिअरिंगचा अर्ज द्यायला दोनच दिवस उरलेले, आणि मूळ कागदांशिवाय अर्ज घेत नव्हते. मी ऐटीत कपाटाचा पंचनामा केला. शेजारच्या काकूंची मुलगीही बारावीची, म्हणून त्यांना तासभर प्रश्न विचारले.

“अहो मॅडम, आमचीला आर्ट्सला जायचंय. त्या मार्कलिस्टमध्ये काय चिवडा बांधू?”

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने खबर दिली. “फाइल काल त्या मुलीच्याच हातात होती की.”

बापलेकीला ठाण्यात बोलावलं. “कुणाला दिलीस?” मी आवाज चढवला. मुलीने शांतपणे पिशवीतून फाइल काढली आणि एक वही. वहीत कॉलेजांचे गेल्या तीन वर्षांचे कट-ऑफ.

“बाबांनी अर्जात एकच कॉलेज लिहिलंय. ते माझ्या मार्कांच्या बरंच वर बंद होतं. असा अर्ज गेला तर यंदा कुठेच नाही. सांगून थकले. कागदच नसले तर असा अर्ज तरी जाणार नाही, बाबा थांबून ऐकतील, एवढंच सुचलं.”

वडील उसळले. “खाली दुसरी नावं लिहिली की तीच गळ्यात मारतात.”

“वरचं मिळत असेल तर खालचं बघतच नाहीत, बाबा.”

खरं कोणाचं, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरून प्रवेशाची माहितीपुस्तिका मागवली. नियम तिसऱ्याच पानावर होता, मुलगी म्हणत होती तसाच. वडिलांनी पुस्तिका रांग लावून आणली होती, उघडली मात्र नव्हती.

मग चौकशी राहिली बाजूला आणि माझीच शिकवणी सुरू झाली. ठाण्याच्या टेबलावर नवा अर्ज भरला: वर बाबांचं स्वप्न, मग मिळू शकतील अशी, तळाला हमखास मिळणारं. सही करताना वडिलांचं पेन दोनदा थांबलं.

यादीतल्या चौथ्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला.

चोरी झाली की ‘फायदा कुणाचा?’ असं विचारायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यानंतर नोकरीभर मी आधी घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला विचारत आले, “तुझं कोण ऐकत नाही?”