मीटरवरचं नाव

छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या की सरकार सबसिडी देतं, हे मला बायकोनं सांगितलं. असलं काही ऐकलं की मला आधी राग येतो आणि मग शंका येते. पण ती उन्हाळ्यातली लाइट बिलं समोर मांडून बोलत होती, त्यामुळे आमच्या न्हावऱ्यातल्या सेवा केंद्रात गेलो.

तिथल्या मुलीनं बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "काका, हे नाव तुमचं न्हाई."

नाव वडिलांचं होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मीटर माझ्या नावावर करायचं मी मुद्दाम टाळलं होतं. दर महिन्याला त्यांच्या नावानं घरी एक कागद येतो, याचं मला बरं वाटायचं. बायको म्हणायची, भरणारे तुम्ही आणि मान आबांना.

"सबसिडी मीटरवाल्याच्याच खात्यात येती," मुलगी म्हणाली. "आधी नाव बदला. त्याला समद्या वारसांची संमती लागंल. किती वारस हायत?"

"दोघं," मी म्हणालो.

दुसरी वारस म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. वडगाव रासाईला दिलेली. वडिलांचं तेरावं झालं आणि महिनाभरात मी तिला शिरूरला नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती. जमिनीतला वाटा बहिणींनी भावाला सोडून द्यायचा ही आमच्याकडची रीत. त्यात विचारायचं काय आणि आभार कसले, असंच मी धरून चाललो होतो. तिनं तो कागद वाचला नाही, मीही वाचून दाखवला नाही. उसाचा रस पाजला, एक साडी घेतली आणि एसटीत बसवून दिलं. त्यानंतर ती दर दिवाळीला येऊन मला ओवाळून जायची, पण माहेरी मुक्काम तिनं केला नाही. का, ते मला कळत होतं, म्हणून मी कधी विचारलं नाही.

आणि आता तिच्यापुढे दुसरा स्टँप पेपर धरायचा. तीन दिवस मी सगळ्यांवर खेकसत हिंडलो. "नेमका राग कुणाचा आलाय तुम्हाला?" बायकोनं विचारलं. राग माझाच आला होता. मी चहा मागितला.

चौथ्या दिवशी गाडीला किक मारली. आक्का अंगणात कांदा निवडत बसली होती. पाणीसुद्धा न पिता मी कागद काढला. "आक्का, सही पाहिजे. आबांचं मीटर माझ्या नावावर करायचंय. सोलरच्या सबसिडीसाठी."

तिनं पदराला हात पुसले. "पेन दे."

"न्हाई, आधी वाच." मी कागद तिच्या हातात दिला. "मागच्या टायमाला मी वाचू दिलं न्हाई, चुकलं माझं. तू एवढं दिलंस आन् मी एका शब्दानं बोललो न्हाई."

ती आत जाऊन चष्मा घेऊन आली. चौथीपर्यंत शिकलेली, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागली. वारसांच्या यादीपाशी बोट थांबलं. तिथं माझ्याखाली तिचं नाव होतं आणि पुढे नातं लिहिलं होतं, मुलगी. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग सही केली.

"प्लेटा बसव निवांत," ती म्हणाली. "पर ह्याची एक झेरॉक्स मला दे."

"तुला कशाला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"सातबाऱ्यावर मी न्हाई. रेशनकार्डावरनं लग्नातच कमी केली. आबांची पोरगी हाय म्हणून दाखवाया माझ्याकडं एक बी कागद न्हाई."

सबसिडी पुढे खात्यात आली, त्याबद्दल सरकारचे आभार. पण सगळ्या वारसांची संमती आणा, ही अट ज्या कुणी घातली त्याचे मी जास्त उपकार मानतो, कारण एरवी मी त्या दारात हे बोलायला गेलोच नसतो. सही झाली त्या दुपारी मी तसाच जवळच्या मांडवगणला गेलो, रंगीत झेरॉक्स काढली, लॅमिनेट करून घेतली आणि उन्हातच परत येऊन तिच्या हातात दिली. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं, ते एवढंच.