वैशालीकाकूच्या रक्तातलं शिसं

“तुम्ही माती खाता का?” असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा तुमच्या वैशालीकाकूने आधी माझ्याकडे बघितलं. तिला सातवा महिना चालू होता. टेबलावर पुण्याहून आलेला रिपोर्ट होता. ‘ब्लड लेड लेव्हल’, म्हणजे रक्तात शिसं किती आहे त्याची तपासणी. आकडा ठळक छापला होता आणि त्यापुढे वर जाणारा बाण होता.

“हो, खाते ही,” मी म्हणाले. “मीच देते भाजून.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

सई, चिन्मय, काकूला अशक्तपणा आहे एवढंच मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. आता सगळं क्रमाने लिहिते. तुम्हाला किंवा तुमच्या एखाद्या मैत्रिणीला कधीतरी उपयोगी पडेल. वाचताना किळस येईल. मला लिहितानाही येते आहे.

चौथ्या महिन्यात वैशालीला मातीचे डोहाळे लागले. डॉक्टर याला ‘पायका’ म्हणतात. जे अन्न नाही ते खावंसं वाटणं, असा त्याचा अर्थ. अंगात लोह कमी असलं की असं होऊ शकतं. आपल्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. खोडदहून तिची आई, म्हणजे माझी विहीण, आली होती, ती मला म्हणाली, “डोहाळं मारू नका हां, ईनबाई. पोराचं कान फुटत्यात. मी तर हिच्या येळंला चुलीची माती उकरून खायची. काय झालं का हिला?”

मग संदीपकाकाने घराखालच्या ओढ्यातून गाळ आणला. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरलं की वळणावर गाळ उघडा पडतो आणि वाळून त्याचे पापड होतात. काळेभोर, मऊ, खड्याचा कण नाही. कच्ची माती पोटात जाणं मला पसंत नव्हतं. माती खाल्ली की जंत होतात, हे मी शाळेतच शिकले होते. म्हणून मी ते पापड निवडायची, कुटायची, चाळायची आणि लोखंडी तव्यावर खरपूस भाजून स्टीलच्या डब्यात भरायची. डब्यावर वैशालीच्या नावाची चिठ्ठी लावली होती. जंतू मेले, डोहाळे पुरले, काम नीटनेटकं झालं, असं मला वाटायचं. जंतू मेलेच असतील. शिसं भाजून मरत नाही.

पाचव्या महिन्यापासून तिच्या पोटात कळा यायला लागल्या. बद्धकोष्ठ, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या. गरोदरपणात असं होतंच, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या तरी हिमोग्लोबिन वाढेना.

“गोळ्या खाती का कुंडीत टाकती?” संदीप चिडवायचा.

“तुमच्या आईसमोर गिळते, विचारा त्यांना,” वैशाली म्हणायची. आणि मग हळूच मला, “आई, जिभेवर खिळा ठेवल्यागत लागतंय हो सारखं.”

मंचरच्या दवाखान्यात आम्ही नव्या डॉक्टरबाईंना दाखवलं. बाहेरच्या बाकावर बसून दुसऱ्यांची पोटं बघत सकाळ जायची. सोनोग्राफीत बाळाची वाढ थोडी मागे दिसली. मग त्यांनी ‘पेरिफेरल स्मिअर’ करायला सांगितलं, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके दिसले. त्याला ‘बेसोफिलिक स्टिपलिंग’ म्हणतात. ते ठिपके बघून त्यांना शिशाचा संशय आला आणि रक्त पुण्याला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत काकू रोज डब्यातला गाळ खात होती आणि मी डबा भरत होते.

“शिसं शरीरात कॅल्शियमच्या वाटेने जातं,” डॉक्टरबाईंनी त्या दिवशी समजावलं. “हाडांत जाऊन बसतं. बाळाला कॅल्शियम लागतं, तेव्हा ते आईच्या हाडांतूनही येतं. त्याच्याबरोबर शिसंही येतं.”

“बाळाला काय होईल?” वैशालीने विचारलं.

“मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. पण मी खोटा धीर देणार नाही.”

शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं असतात, त्या उपचाराला ‘चिलेशन’ म्हणतात. ती बाळालाही सोसावी लागली असती. एवढ्या पातळीला ती नकोत, असं पुण्याच्या तज्ज्ञांशी बोलून ठरलं. माती त्या क्षणापासून बंद. कॅल्शियम, लोह, पोटभर जेवण आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा रक्त.

घरी आल्यावर वैशाली म्हणाली, “आई, डबा लपवू नका. फेकून द्या. लपवला तर मी शोधीन.” आणि ती रडायला लागली. भीती वाटत होती तरी तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं.

पण फेकायचा कुठे? ओढ्यात नको, परसात नको, खताच्या खड्ड्यात तर नकोच. थोडा गाळ आम्ही प्रयोगशाळेत पाठवला, उरलेला प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून ठेवला. तपासणीचं उत्तर आलं, गाळात शिसं भरपूर होतं.

ते कुठून आलं हे बघायला मी आणि संदीप ओढ्याच्या कडेने वर चालत गेलो. हायवेच्या पुलामागे पत्र्याचं शेड होतं. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवतात, आणि बॅटऱ्या धुतल्याचं पाणी सरळ ओढ्यात सोडतात. तिथलं गवत जळून पिवळं पडलं होतं. पाण्यावर तेलाचे रंग आणि कडेला राखाडी लगदा, त्यात बॅटऱ्यांचे तुकडे रुतलेले. नाकात आंबूस, तिखट वाफ शिरली. एक कुत्रं तो लगदा हुंगून मागे सरलं. तोच लगदा मी चाळून भाजला होता. मी कडेला जाऊन ओकले.

गुटख्याने तोंड भरलेला शेडवाला बाहेर आला. “काय झालं, आजी? ऊन लागलं का?”

“हे पाण्यात का सोडता?”

“पावसाळ्यात जातंय की व्हाऊन. आपल्याकडं थोडंच ऱ्हातंय?”

“राहतं. माझ्या सुनेच्या हाडांत राहिलंय. तिने खालचा गाळ खाल्ला.”

तो थुंकला. “आता माती खाल्ल्यावर आमी काय करावं, राव? भाकरी न्हाई का घरात?”

संदीप त्याच्या अंगावर धावला. मी त्याला ओढत परत आणलं. आम्ही तक्रार केली. पुढे ते शेड तिथून हललं, कुठे गेलं कुणी सांगत नाही. गाळ मात्र तिथेच आहे. उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून लोक तो कांद्याच्या वावरात नेतात. मी सांगितलं तर म्हणतात, “आजी, सोनं हाय हे, लई जोमदार पीक येतं.” बाजारात कांदा हातात घेताना मला आता शिसारी येते. नीट धुऊन, सोलून घेते, आणि तरीही येते.

काकूच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं, पण फार हळू. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या दिवशी घरात कुणी धड जेवत नसे.

मुलगी झाली. वजनाला कमी, आवाजाला दणदणीत. ‘कॉर्ड ब्लड’, म्हणजे नाळेतलं रक्त, तपासायला गेलं. त्यात शिसं निघालं. आईपेक्षा कमी, पण निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “घाबरण्याएवढं नाही. पण शिशाची सुरक्षित अशी पातळी नसते. बाळ कधी बसतं, कधी बोलतं, ते बघत राहू.” आम्ही बघतो आहोत. ती माझ्या बोटाला धरून बसते. आवाजाकडे मान वळवते. प्रत्येक वेळी माझा जीव भांड्यात पडतो, आणि कुणाच्या तरी फुटक्या बॅटरीचा अंश हिने जन्माआधीच गिळला, हे पुन्हा आठवतं.

त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. औषधं कुणीही दिली असती. त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि जेवणात मीठ किती घेता असं विचारावं तसा विचारला. लाजवलं असतं तर वैशाली नाही म्हणाली असती, आणि कदाचित मीही.

म्हणून आता मी गावातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला जाते. बोलावलं नाही तरी जाते. परवा असंच फुलांचे दागिने, गाणी, पेढा की बर्फी चाललं होतं आणि मी मध्येच ओढ्याच्या गाळाचं सांगितलं. “आजी, आज तरी चांगलं बोला की हो,” एकजण म्हणाली, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

निघताना मी नळावर पाय धूत होते. जिचं डोहाळजेवण होतं ती मुलगी मागून आली. तिने पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत काळ्या गाळाचा खडा होता, एका बाजूने चाटून गुळगुळीत झालेला आणि अजून ओला.

“घरी कुणाला म्हायती न्हाई,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन मंचरला गेले.

तुमची आजी