मागच्या चाकाचा हब

सायकलचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचा तुंबा, घ्यायला जाताना जुना हब सोबत न्यावा. त्याची स्पोक अडकवायची भोकं मोजावीत; आपल्याकडच्या साध्या सायकलींना पुढे बत्तीस आणि मागे चाळीस असतात. मग नवा हब आडवा धरून, डोळे मिटून, त्याचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, दोन बोटांच्या टोकांनी अगदी सावकाश फिरवावा. आतली वाटी खडबडीत असेल, तर छर्रे तिच्यावरून जाताना बारीक खरखर बोटांना जाणवते. कानांना ती ऐकू येत नाही. ही परीक्षा मला अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शिकवली. नाशिकच्या आयटीआयमध्ये लेथचं काम शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी नाशिकच्याच एका शाळेत विज्ञान शिकवत होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या जुन्या सायकलीचा मागचा हब झिजला. नवी सायकल घेऊ म्हटलं, तर ते ऐकेनात. पंचवटीत त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचं दुकान होतं, तिथे आम्ही गेलो. त्याने तीन दरांचे तीन हब काउंटरवर मांडले. अण्णांनी डोळे मिटले आणि एकेक फिरवून पाहू लागले.

"सर, हब घेताय की जावई पारखताय?"

"जावई असे फिरवून बघायची सोय असती, तर काय हवं होतं!"

आम्ही तिघेही हसलो. मग अण्णांनी एक हब पुढे सरकवला. "हा दे." तो सर्वांत स्वस्त होता.

मी सहज तो उचलून फिरवला. नवख्या हातालाही कळावी इतकी खरखर होती.

"सर, तो जरा..." दुकानदार म्हणू लागला. मी त्याला मानेनेच थांबवलं.

अण्णांना बरीच वर्षं मधुमेह होता. बोटांतली जाणीव जात चालली आहे, हे मला त्या क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी एकटी दुकानात गेले आणि तिथेच ठेवलेल्या चाकात मधल्या दराचा, चांगला हब बसवायला सांगितलं. चाक हलकं फिरू लागलं.

"स्वस्त माल वाईटच असतो असं नाही. पारखता आला पाहिजे," अण्णा येईल त्याला सांगत होते.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "हातपाय बधिर वाटतात का?"

"छे!" अण्णा म्हणाले.

मी शेजारच्याच खुर्चीत होते. वर्गात मुलांची एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय मी पुढे जात नसे. डॉक्टरांसमोर मात्र गप्प राहिले. सांगितलं, तर त्यांची सायकल उद्यापासून बंद होईल, एवढाच विचार मनात होता.

दिवाळीच्या सुमारास चपलेतून वर आलेला एक खिळा दिवसभर त्यांच्या टाचेत रुतत राहिला. त्यांना कळलं नाही. फरशीवरचे डाग मला दिसले. जखम चिघळली, आणि शेवटी पाऊल काढावं लागलं.

दवाखान्यात मी त्यांना सगळं सांगितलं: तो हब, मी बदललेला हब, डॉक्टरांसमोर न उघडलेलं तोंड. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ बोटं अंगठ्यावर घासत राहिले.

"तिन्ही सारखेच गुळगुळीत लागले गं," ते म्हणाले. "मला वाटलं, आता माल सुधारलाय. म्हणून स्वस्तातला घेतला."