नदीच्या वळणावरची अकरा घरे

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी भूमापक होतो. जे मोजता येत नाही, ते मी लिहीत नसे. हा एकच अपवाद.

सत्तरच्या दशकाचा आरंभ. रामटेकच्या पलीकडे धरण व्हायचे होते आणि बुडणाऱ्या वस्त्यांची पडताळणी माझ्याकडे होती. हाती नदीखोऱ्याचा वीसेक वर्षांपूर्वीचा छापील नकाशा. नियम सरळ — वस्ती नकाशात असेल तर जमिनीच्या बदल्यात जमीन. नसेल तर अतिक्रमण.

नदीच्या वळणावर अकरा घरांची टोली, म्हणजे लहानशी वस्ती, लागली. नकाशात तेथे केवळ झुडपे. भिंगातून दोनदा पाहिले.

सरजाबाई नावाच्या वृद्धेने विहिरीचे पाणी दिले.

"माह्यं लगन इथंच लागलं, साहेब. तवा तुमचा नकाशा पाळण्यात होता!"

लोक हसले.

"छापील कागदात वस्ती नाही," मी म्हणालो.

"मंग पानी कोनाच्या हातचं पिऊन राहिले?"

मी 'वस्ती नाही' अशी शाईने नोंद केली.

टोलीच्या दाव्याच्या सुनावणीच्या सकाळी नागपूरच्या कार्यालयात नकाशा उलगडला... वळणावर अकरा काळे चौकोन, शेजारी विहिरीचे निळे वर्तुळ. ओले बोट फिरवले, भिंग लावले. छपाईच होती. नकाशाच्या पेटीला रात्रभर कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात. भांडारातून त्याच छपाईची दुसरी प्रत मागवली. तीत झुडपेच.

सुनावणी घेणारे अधिकारी चिडले. "अहो, खरी प्रत कोणती?"

"त्या विहिरीचे पाणी मी प्यायलो आहे."

"आणि ही तुमची नोंद? स्वतःच खोटे ठरता? मग बढती विसरा!"

भूमापक नोंद पुसत नाही. खालचे वाचता येईल अशी एक रेघ मारतो आणि शेजारी सही करतो. मी तसे केले.

टोलीला जमीन मिळाली. ते सांगायला मी स्वतः गेलो.

"दिसलो का आता आमी?" सरजाबाईने विचारले.

"दिसलात."

ती पाणी आणायला विहिरीकडे वळली.

दोन्ही प्रती पुढे कित्येकदा शेजारी ठेवून पाहिल्या. फरक तसाच राहिला. त्याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. तिच्या हातचे पाणी पिऊन मी 'वस्ती नाही' असे का लिहिले, हे मात्र मला ठाऊक आहे: समोरच्या माणसांपेक्षा छापील कागद मानणे सोपे होते.